कसबा पेठेतला जुना वाडा घ्यावा का, आणि घेतलाच तर काम कुठून काढावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, एक मुलगी, सोबत आई. कसबा पेठेत, शनिवारवाड्यापासून चालत तीन-चार मिनिटांवर एका वाड्याचा पुढचा अर्धा भाग विकायला निघालाय. तळमजला आणि माडी मिळून चौदाशेएक चौरस फूट, वर माळा, त्यावर मंगलोरी कौलं. चौक मागच्या हिश्श्याशी सामाईक. विकणारे तीन भाऊ. खाली रस्त्याच्या बाजूला शिंपीकाम करणारे एक भाडेकरू, या भावांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. 'ते काय, सहज निघतील' असं मालक म्हणतात. तुम्हाला माडीवर संडास-बाथरूम हवंय, स्वयंपाकघर मोठं करायचंय, आणि कौलं उतरवून स्लॅब टाकता येईल का असंही विचारलंय.

मी स्थापत्य अभियंता. पेठांमधल्या जुन्या घरांची दुरुस्ती हाच माझा धंदा आहे. वकील नाही, तरी कागद बघितल्याशिवाय मी कुठल्या भिंतीला पहार लावत नाही, त्यामुळे कागदांचंही बरंच डोक्यात बसलंय. माझं मत आधीच सांगतो: घर घेण्यासारखं असू शकेल, पण आज जे सांगितलंय तेवढ्यावर इसार देऊ नका. आणि स्लॅबचा विचार आत्ताच सोडा. का, ते पुढे येईलच.

वाडा बघायला जाणारे लोक दिंडी दरवाजा, कोरीव हस्त (खांबावरचे लाकडी आधार), देवघराची महिरप बघून येतात आणि फोटो पाठवतात. मला पहिल्यांदा प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकीचा सरकारी उतारा लागतो. नगर भूमापन क्रमांक मालकांकडून घ्या. डिजिटल सहीचं कार्ड ऑनलाइन मिळतं. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत, क्षेत्र किती, सत्ताप्रकार (जागा कोणत्या हक्कानं धरलीय) काय ते वाचा. पेठांमधल्या बऱ्याच कार्डांवर अजून आजोबांचंच नाव असतं. जागा एखाद्या देवस्थानाची किंवा ट्रस्टची निघाली तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते; तिथे मात्र अनुभवी वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

आता 'तीन भाऊ' म्हणजे नक्की कोण, हे विचारा. बहिणी किती? आत्या किती? आजोबा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर, मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच वाटा आहे. मिळकत वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वाटेकरी झाली, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे 'ताईंनी कधीच काही मागितलं नाही' या वाक्याला काडीची किंमत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, एवढंच बघायचं. नसेल तर त्या ताई, आत्या आणि आत्या गेल्या असतील तर त्यांची मुलं, सगळ्यांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात. कोणी अमेरिकेत असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित मुखत्यारपत्र मागवा. वेळ जातो, पण दुसरा रस्ता नाही.

'पुढचा अर्धा भाग' हा शब्दप्रयोग मला सगळ्यात जास्त खटकला. हा अर्धा भाग कागदावर वेगळा झालाय का? नोंदणीकृत वाटपपत्र, त्याला जोडलेला नकाशा, आणि शक्यतो नगर भूमापनाकडे पोटहिस्सा वेगळा पडलेला, एवढं असेल तर बरं. नुसतं 'आम्ही पन्नास वर्षं पुढं राहतो, काकांचे मागे राहतात' असेल, तर तुम्ही अविभक्त हिस्सा विकत घेताय. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 असं सांगतं की कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्यानं घेतला तर त्याला सामाईक ताब्याचा हक्क मिळत नाही. शिवाय 1893 च्या वाटप कायद्याच्या कलम 4 प्रमाणे, तुम्ही वाटपाचा दावा लावलात तर मागचे काका तुमचा हिस्सा कोर्टानं ठरवलेल्या किमतीला स्वतःच घेऊ शकतात. म्हणजे पैसे तुमचे गेले आणि घरात पाय ठेवता येईना, अशी गत. म्हणून आधी त्यांचं वाटप होऊ द्या, मग खरेदी.

वाटपपत्र असेल तर त्यात चौक, दिंडीतून जाण्या-येण्याचा हक्क, जिना, आड, सांडपाण्याची वाट आणि मधली सामाईक भिंत यांबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. मोरीचं पाणी मागच्या हिश्श्यातून गटाराला जात असेल आणि कागदावर तसा हक्क नसेल, तर एखाद्या दिवाळीत भांडण होऊन ते बोळा घालून बंद होतं. असे बोळे मी स्वतः काढलेत.

मालकीचा शोध अहवाल, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी, निदान तीस वर्षांची घ्या आणि वकिलाकडून दैनिकात जाहीर नोटीस द्या. हे नेहमीचंच आहे.

भाडेकरूंकडे वळू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि त्याआधीच्या 1947 च्या कायद्याखालचे भाडेकरूही त्यात आले. मालक बदलला म्हणून भाडेकरू बदलत नाही. तुम्ही घर घेतलंत की तुम्ही त्यांचे मालक झालात, एवढाच फरक. भाडं दरवर्षी चार टक्के वाढवता येतं, त्यानं फार काही हाती लागत नाही. स्वतःला जागेची खरी गरज आहे म्हणून लघुवाद न्यायालयात दावा लावता येतो, पण तिथे जास्त अडचण कोणाची, तुमची की त्यांची, हेही तोललं जातं, आणि शिलाई मशीनवर पोट असलेल्या माणसाचं पारडं जड असतं. खटला पिढीभर चालल्याची उदाहरणं पेठेत घरटी सापडतील. 'वाडा धोकादायक झाला, पाडला की भाडेकरू संपला' असंही कोणी सांगेल. तसं होत नाही. इमारत गेली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निर्णय आहे.

तुमच्यापुढे दोनच सरळ मार्ग दिसतात. पहिला, मालकांनीच भाडेकरूंशी व्यवहार मिटवावा, नोंदणीकृत कागदानं हक्क सोडवून घ्यावा, आणि रिकामा ताबा मिळाल्यावर तुम्ही खरेदीखत करावं. साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, तशी अटच घाला. दुसरा, भाडेकरूसह घ्या आणि किंमत तशी कमी करून घ्या. मला विचाराल तर दुसरा मार्ग वाटतो तितका वाईट नाही. रस्त्याच्या बाजूची खोली आवाजाची, धुळीची. तिथे तुम्ही झोपणार नाही. शिंपीकाका दिवसा दुकान उघडतात, संध्याकाळी कुलूप लावतात, आणि दिंडीवर दिवसभर एक ओळखीचा डोळा राहतो. फक्त त्यांच्या जागेचं मोजमाप करून नकाशासह मालक, तुम्ही आणि शिंपीकाका अशा तिन्ही पक्षांच्या सह्यांचा करार करा, भाडेपावत्यांच्या प्रती घ्या, आणि त्यांनी पोटभाडेकरू ठेवलेला नाही ना ते बघा. दुरुस्तीच्या काळात दुकान कुठं हलवायचं, हेही त्याच करारात ठरवून टाका. मुद्रांक शुल्कासाठी भाडेकरू असलेल्या जागेचं मूल्यांकन वेगळ्या पद्धतीनं होतं, ते दुय्यम निबंधक कार्यालयातून आधीच समजून घ्या.

आता शनिवारवाडा. तो केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. 1958 च्या पुरातत्त्व कायद्यात 2010 मध्ये जी दुरुस्ती झाली त्यानुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र, म्हणजे तिथे परवानगी घेऊनच काम. दुरुस्ती दोन्हीकडे करता येते, पण तीही परवानगीनंच. तीन-चार मिनिटं चालणं म्हणजे तुम्ही बहुतेक या तीनशे मीटरच्या आत येता. अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजू नका. ते स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून तुमच्या जागेच्या हद्दीपर्यंत मोजतात, ते अधिकृत मोजणीनंच कळेल. 'पाच वर्षं राहा, मग बिल्डरला द्या, दोन फ्लॅट मिळतील' असं दलाल म्हणाला असेल तर या भागात ते गृहीत धरू नका. इथले कितीतरी वाडे याच नियमापायी अडून बसलेत. तुम्हाला राहायलाच हवं असेल तर मात्र हा नियम तुमच्या सोयीचा आहे. शेजारी अचानक अकरा मजले उभे राहायचे नाहीत आणि भावही त्यामुळेच आवाक्यात राहतो.

महापालिकेकडे अजून तीन गोष्टी विचारायच्या. वाडा वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत? पहिल्या श्रेणीत जवळजवळ कशालाच हात लावता येत नाही, तिसऱ्यात बरीच मोकळीक असते. रस्तारुंदीची रेषा घरातून जाते का? पेठेत हे फार होतं. रेषा जात असेल तर आहे ते घर दुरुस्त करून राहता येतं, पण पुढची भिंत पाडून नव्यानं बांधायला निघालात की मागे सरकावं लागतं. आणि धोकादायक इमारतीची नोटीस आलेली आहे का? पावसाळ्याआधी पालिका अशा नोटिसा काढते. सी-1 म्हणजे रिकामं करून पाडा, सी-2 ए म्हणजे रिकामं करून मोठी दुरुस्ती, सी-2 बी म्हणजे राहून दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ. सी-1 ची नोटीस मालकांनी ड्रॉवरमध्ये ठेवलेली असू शकते, म्हणून पालिकेतूनच माहिती काढा.

कागद बरे निघाले असं धरू आणि घरात शिरू.

जाताना एक दाभण किंवा जाड पेचकस, छोटी हातोडी, बॅटरी आणि ओळंबा घेऊन जा. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, दोन दिवस झड लागून गेल्यावर जा. उन्हाळ्यात सगळेच वाडे देखणे दिसतात.

पेठेतल्या वाड्याची रचना साधारण अशी: काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर हस्त, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट. पाटावर मातीचा जाड थर आणि त्यावर जमीन. भिंती खाली भाजक्या विटांच्या, वर बऱ्याचदा कच्च्या, सगळ्या मातीत किंवा चुन्यात रचलेल्या. भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असतो. म्हणून भिंतीतली भेग बघून घाबरण्याआधी खांबाचा पाय बघा.

हा पाय बघायची एक रीत आहे. मूळ वाड्यात तळखडा जमिनीच्या वर वीतभर तरी दिसायचा. खांबाचं लाकूड ओल्या जमिनीला शिवूच नये म्हणून तो दगड. पुढे शेणाच्या जमिनीवर शहाबादी फरशी आली, तिच्यावर मोझॅइक टाइल, आता व्हिट्रिफाइड. दर वेळी जमीन दोन-तीन इंच वर आली आणि तळखडा गाडला गेला. आज खांब थेट फरशीतून उगवल्यासारखा दिसतो आणि रोज फरशी पुसताना त्याच्या मुळाशी पाणी मुरतं. वर लाकूड लोखंडासारखं, खाली भुसा. खांबाभोवतीची एक फरशी काढून बघायची परवानगी मालकांकडून मागा. दाभण जोर लावून टोचा: चांगल्या सागात ती जेमतेम टेकते, कुजलेल्यात इंचभर सहज जाते. हातोडीनं वाजवा, खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर आत पोकळ. एकही फरशी काढू देत नसतील तर तिथेच थांबा, त्यांना उत्तर माहीत आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरी जागा म्हणजे तुळयांची भिंतीत गेलेली टोकं, विशेषतः मागाहून बांधलेल्या मोरी-संडासाखालची. जुन्या काळी संडास घरात नव्हतेच, मागच्या बोळाशी असायचे. नंतर कोणीतरी माडीच्या कोपऱ्यात शहाबादी टाकून न्हाणी केली आणि तिचं पाणी वर्षानुवर्षं कडीपाटात झिरपलं. खालच्या खोलीत उभं राहून वर बघा. पाटावर काळे डाग, पांढरी बुरशी किंवा वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतील. तिथे कोणी नुकतंच पीओपीचं छत लावलं असेल, तर मी तरी एक पट्टी उचकटून बघितल्याशिवाय पुढे जाणार नाही.

तिसरी गोष्ट भिंतीचं पोट. जाड भिंती दोन कातडींच्या असतात, मध्ये भर. पाणी शिरलं की बाहेरची कातडी सुटते आणि भिंतीला पोट येतं. ओळंबा सोडला की कळतं. भेगांचं म्हणाल तर ज्या भेगेत रंग गेलेला आहे ती जुनी, स्वच्छ कडांची ती नवी. शंका असेल तर भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी टिकली थापून तारीख लिहून ठेवा. पावसाळाभर ती टिकली शाबूत राहिली तर भिंत स्थिर आहे.

नदीजवळचा भाग असेल तर आजूबाजूच्या वयस्कर माणसांना पानशेतच्या पुराचं विचारा. 12 जुलै 1961 ला धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं तेव्हा कच्च्या विटांचे वाडे अक्षरशः विरघळले. जे उरले त्यांची खालची भिंत नंतर कशानं दुरुस्त केली ते महत्त्वाचं. मातीच्या भिंतीत मध्येच सिमेंटचा पट्टा असेल तर त्याच्या वर बहुतेक ओल साचलेली सापडते.

आणि शेजार बघा. लागून असलेला वाडा पडीक आहे का, तिथे पत्रे लागलेत का? सामाईक भिंतीच्या मुळाशी कोणी जेसीबी लावून पाया खणला की तुमची भिंत आधाराविना उभी राहते. मागच्या काकांचा विचार काय आहे, तेही चहाला जाऊन विचारून या. हे कुठल्याच कागदावर येत नाही.

आता काम. क्रम चुकवू नका: आधी पाणी, मग सांगाडा, मग बाकीचं. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात, कारण ट्रॉल्या दिसतात आणि तळखडा दिसत नाही.

पाणी म्हणजे कौलं, पन्हळी आणि सांडपाणी. दसरा-दिवाळीनंतर कौलं उतरवा, वासे आणि रिपा तपासा, कुजलेल्या बदला, कौलं धुऊन निवडून परत चढवा. खाली वॉटरप्रूफ पत्र्याचा किंवा मेंब्रेनचा थर द्यायचा असेल तर हवा खेळायला फट ठेवून द्या, नाहीतर लाकूड आतून घामेजतं. पन्हळी दुप्पट रुंद करा. आताचा पाऊस तासाभरात चौक भरून टाकतो. चौकात मोठ्या हौसेनं ग्रॅनाइट बसवू नका, उताराची दगडी फरशीच बरी. चौकात आड किंवा हौद असेल तर तो राडारोड्यानं बुजवू नका. पेशवाईत कात्रजच्या तलावातून दगडी नळानं पाणी आणून शहरभर हौद भरले जायचे. तुमचा हौद त्यातला नसेलही, पण पावसाचं पाणी साठवायला तयार टाकी फुकट मिळतेय.

स्लॅब का नको, ते आता आकड्यांत बघा. पाच इंची काँक्रीट स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातो. मंगलोरी कौलांचं छप्पर लाकडासकट त्याच्या चौथाईतही बसतं. हा वाढीव भार तुम्ही मातीत रचलेल्या भिंतींवर आणि दीडशे वर्षांच्या खांबांवर टाकणार. त्यातून भूकंपाचा हलकासा धक्का आला तरी लाकडी सांगाडा लवचीकपणे हलतो आणि वरचा स्लॅब मात्र एकजीव शिळेसारखा हलतो. दोघांचं जमत नाही. शिवाय शनिवारवाड्याजवळ ते 'दुरुस्ती' या सदरात बसेल असं मला वाटत नाही. गच्ची हवी ही भूक मी समजतो, पण ती या घराकडून भागणार नाही.

तोच हिशेब पाण्याच्या टाकीला. हजार लिटर म्हणजे एक टन. माळ्यावर टाकी ठेवायचीच नाही. खाली जमिनीत साठवण आणि वर प्रेशर पंप, एवढं पुरतं.

खांबाचा पाय कुजला असेल तर अख्खा खांब बदलायची गरज नसते. तुळईला दोन्हीकडून टेकू द्यायचे, जॅकनं अगदी थोडं उचलायचं (थोडं म्हणजे कागद सरकेल इतकं, घर सरळ करायच्या मोहात पडायचं नाही), कुजलेला भाग कापायचा आणि त्याच जातीच्या जुन्या सागाचा तुकडा खाच-कुसवाच्या सांध्यानं जोडायचा. जुना साग भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळतो, पाडलेल्या वाड्यांचाच. सांधा करताना तळखडा पुन्हा जमिनीच्या वर येईल अशी तजवीज करा. म्हणजे वरच्या सगळ्या फरश्या उचलून जमीन मूळ पातळीला न्या. हे काम बघणाऱ्याला सर्वात निरर्थक वाटतं, आणि माझ्या मते सगळ्या खर्चात सर्वात मोलाचं तेच आहे.

माडीवरच्या जमिनीतली माती काढली की भार बराच हलका होतो. पाट नीट असतील तर त्यावर जाड प्लाय किंवा सिमेंट बोर्ड आणि वर हलकी लाकडी जमीन करता येते. माती गेली की वरच्या पावलांचा आवाज खाली येतो, म्हणून मध्ये रॉकवूलचा, म्हणजे आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचा थर घाला. शिंपीकाकांच्या डोक्यावर तुमची मुलगी उड्या मारणार आहे.

माडीवरचं बाथरूम होऊ शकतं, पण लाकडी जमिनीवर विटांचा कोबा आणि टाइल लादून नाही. चौकाच्या किंवा मागच्या बाहेरच्या भिंतीलगत, शक्यतो जुन्या मोरीच्या जागी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी लोखंडी चौकट घ्या. ती वाड्याच्या भिंतीला घट्ट बांधायची नाही, मध्ये बारीक फट सोडून वरून झाकण पट्टी. सगळे नळ बाहेरून, डोळ्यांना दिसतील असे. भिंतीत पुरलेला पाइप फुटला तर तुम्हाला कळायच्या आत मातीची भिंत विरघळते. ही चौकट वाढीव बांधकाम ठरू शकते, म्हणून परवानगीच्या नकाशात ती दाखवा. आणि आईंसाठी तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली आणि एक बाथरूम कराच. वाड्याचे जिने किती उभे आणि अरुंद असतात ते तुम्ही बघितलंच असेल. दोर धरून चढायचे जिने ते.

भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नका, असलेलाही हळूहळू काढा. मातीची आणि चुन्याची भिंत जमिनीतली ओल घेते आणि पृष्ठभागातून सोडून देते. वर सिमेंट थापलं की ती ओल आत अडकते, वर चढते, लोणा (क्षार) फुटतो आणि दोन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे येतात. मग रंगारी म्हणतो 'डॅम्पप्रूफ मारू', त्यानं ओल आणखी वर जाते. चुन्याचा गिलावा करा. चुना आधी नीट भिजवून मुरवलेला हवा. पिशवीतला चुना सकाळी कालवून दुपारी लावला तर तो भुरभुरतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून प्रत्येक थराला वेळ द्यायचा आणि त्या काळात हलकं पाणी मारत राहायचं. पावसाळ्यात हे काम काढू नका आणि मेच्या उन्हातही नको. गूळ, बेलफळ, हिरडा घालायच्या जुन्या पाककृती कोणी सांगेल. काही कामाच्या आहेत, पण मुरवलेला चुना, स्वच्छ वाळू आणि सबुरी या तिन्ही नसतील तर गुळानं काही व्हायचं नाही. वरून चुन्याचाच हात किंवा श्वास घेणारा रंग द्या, प्लास्टिक इमल्शन नको. चांगलं काम कसं दिसतं ते बघायचं असेल तर विश्रामबागवाड्यात आणि नानावाड्यात एक चक्कर मारा, आणि ठेकेदारालाही सोबत न्या. त्याचा चेहरा तिथे काय सांगतो ते बघा.

वीज नव्यानं ओढा, जुन्या लाकडी पट्टीतल्या तारांवर एसी चालवू नका. लाकडी घराला आगीचंच खरं भय. धातूच्या नळीतून उघडं वायरिंग, चांगलं अर्थिंग, दर मजल्याला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), आणि माळ्यावर एकही जोड नको. गॅसची शेगडी बाहेरच्या भिंतीला. बस.

ठेकेदाराशी एकरकमी करार करू नका. जुनं घर उघडल्यावर काय निघेल ते कोणालाच आधी दिसत नाही; एकरकमी बोलणारा एकतर अव्वाच्या सव्वा लावतो किंवा अर्ध्यावर कुजलेली तुळई रंगवून झाकतो. कामागणिक दर ठरवा, मोजमाप करून पैसे द्या, आणि अंदाजाच्या तीस टक्के रक्कम बाजूला ठेवा. ती लागतेच. पेठेत ट्रक आत येत नाही, राडारोडा हातगाडीनं किंवा रात्रीच्या छोट्या टेंपोनं काढावा लागतो, तो खर्चही धरा. गणपतीचे दहा-बारा दिवस काम बंद समजा.

कर्जाचं आधी विचारा. बँका मंजूर नकाशा मागतात आणि शंभर वर्षं जुन्या वाड्याला तो बहुधा नसतो. इमारतीचं उरलेलं आयुष्य किती, असा अभियंत्याचा दाखलाही मागतील. त्यामुळे संरचना तपासणी घर घेण्याआधीच करा. कर्जालाही तीच लागेल आणि किमतीच्या घासाघिशीलाही.

गाडीचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. दारात लागणार नाही. 2024 मध्ये कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी मेट्रो स्थानकं सुरू झाल्यापासून माझी काही गिऱ्हाइकं गाडी विकून मोकळी झाली. तांबट आळीच्या जवळ असाल तर सकाळी हातोड्यांचा ठोका ऐकू येईल. मुक्काम करून बघा, सोसतो का ते.

आत्ता या आठवड्यात करायचं ते एवढंच: प्रॉपर्टी कार्ड आणि वाटपपत्राची प्रत मागवा, भावांकडून बहिणी-आत्यांची यादी लेखी घ्या, आणि स्मारकापासूनच्या अंतराची चौकशी सुरू करा. वाटपपत्र नाही असं उत्तर आलं तर मला पुढे फोटो पाठवू नका, आधी वकिलाकडे जा. आहे असं कळलं तर तळखड्याजवळची एक फरशी काढायची परवानगी मिळवा आणि त्या खड्ड्याचा फोटो पाठवा.